घोड्याच्या पाठीवरील घोंगडी : धुणे आणि निगा

घोडा बाळगणारा मनुष्य जनावराच्या दाणावैरणीची चिंता वाहतो, सकाळ-संध्याकाळ खरारा करतो, नाल झिजले की नालबंद गाठतो. परंतु त्याच घोड्याच्या पाठीवर रोज जे वस्त्र पडते ते शेवटी केव्हा धुतले, असे विचारल्यास त्याला बहुधा उत्तर सुचत नाही. घोंगडी मळली आहे हे त्याला दिसत नाही असे नव्हे. ती मळावयाचीच, तिच्यावर काही देव मांडावयाचे नाहीत, अशी समजूत त्यामागे असते.

ही समजूत महाग पडते. ओझ्याच्या किंवा स्वारीच्या घोड्याची पाठ लागली म्हणजे दोष कधी ओझ्याला, कधी खोगिराला, तर कधी जनावराच्या नाजूक कातडीला दिला जातो. अशा वेळी खोगीर उतरवून खालचे वस्त्र उलटे करून पाहावे. पाठीवर जेथे जखम आहे, नेमक्या त्याच जागी वस्त्रावर घाम, केस आणि धूळ यांची कडक खपली जमलेली पुष्कळदा आढळते. जखमेवर मलम लावून पुन्हा तेच वस्त्र पाठीवर टाकले जाते, आणि मग मलमाला गुण नाही अशी तक्रार होते.

पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील मेंढपाळ धनगरांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. दिवाळीनंतर कळप घेऊन ही कुटुंबे बाहेर पडतात. काही देशावरच फिरतात, काही घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण म्हणतो. या कुटुंबांचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते. भांडीकुंडी, अंथरुणे, धान्य, मेंढरांभोवती लावावयाची वाघर, चालू न शकणारी कोकरे आणि क्वचित तान्हे मूलही त्यावरच. हे काम करणारा काटक भीमथडी घोडा आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदीत आला आहे. या घोड्याची पाठ वाटेत लागली तर बिऱ्हाड थांबत नाही, कारण मेंढरांना पुढच्या चाऱ्याकडे नेणे भागच असते. मग घोड्यावरचे ओझे उरलेल्या जनावरांवर आणि घरातील बायकांच्या डोक्यावर वाटले जाते. उघडी पडलेली पाठ भरून येऊन तीवर केस उगवेपर्यंत तीन-चार आठवडे सहज जातात. तेवढ्या दिवसांत बिऱ्हाड किती मुक्काम पुढे जाते, हे ज्याचे त्याला ठाऊक.

माथेरानसारख्या ठिकाणी प्रवासी वाहून नेणारे घोडे, लग्नसराईतील घोड्या व तालुक्याच्या गावी अद्याप टिकून असलेले टांगे यांची गोष्ट वेगळी नाही. घोडा बसला की त्या दिवसाची मिळकत बसली. देशातील घोडे व तट्टे यांची संख्या झपाट्याने घटत आहे. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजार इतकीच भरली. जे घोडे उरले आहेत त्यांतील बहुतेक कोणाच्या तरी रोजच्या भाकरीशी बांधलेले आहेत.

पाठ का लागते ?

घोड्याच्या घामास फेस येतो हे सर्वांनी पाहिलेले असते. या घामात लॅथेरिन नावाचे एक प्रथिन असते. त्यामुळे घाम केसांवरून पसरतो, लवकर उडतो आणि अंग थंड होते. मोकळ्या अंगावर ही सोय चांगली. पण खोगिराखाली घामाला उडून जाण्यास वाव नसतो. तो वस्त्रात मुरतो. पाणी उडून गेल्यावर मीठ मागे राहते, त्यात गळालेले केस व वाटेवरची धूळ मिसळते आणि दुसऱ्या दिवशीच्या घामाने त्याचा पुन्हा लगदा होतो. असे आठ-दहा दिवस झाले की वस्त्राची ती बाजू चामड्यासारखी ताठ होते. लोकरीचा मुख्य गुण मऊपणा व घाम शोषून घेणे हा. तो गुण गेल्यावर पाठीवर लोकर आहे की पत्रा आहे, यात फारसा फरक उरत नाही.

ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलते. त्यातच वस्त्राची एखादी घडी, कुसळ किंवा अर्धवट मोडलेला सराटा खाली सापडला तर दोन-तीन कोसांत केस उडतात आणि पुढे कातडी उघडी पडते. ज्या ठिकाणी दाब फार दिवस राहिला तेथे जखम भरल्यानंतर पांढरे केस उगवतात. बाजारात घोडा पाहताना जाणते लोक पाठीवरचे हे पांढरे ठिपके प्रथम मोजतात, ते उगाच नव्हे.

पाठीची तपासणी करण्यास कोणतेही साधन लागत नाही. घोडा कामावरून आला की खोगीर काढून घामाची छाप पाहावी. दोन्ही बाजूंस सारखा ओलावा असेल तर ठीक. सगळीकडे घाम असून मध्येच एखादी जागा कोरडी राहिली असेल तर तेथे दाब फार पडतो, असे बहुधा समजावे. तेथून बोट फिरवावे. घोडा पाठ आखडून घेऊ लागला अथवा कान मागे पाडू लागला तर जखम व्हावयाची तेवढी बाकी आहे. त्याच वेळी वस्त्राची तीच जागा चाचपून पाहावी.

वस्त्र ओळखून धुवावे

आपल्याकडे घोड्याच्या अंगावर येणारी वस्त्रे दोन कामांसाठी असतात. एक खोगिराखालचे, पाठ राखणारे. दुसरी झूल, म्हणजे विसाव्याच्या वेळी थंडीवाऱ्यासाठी अंगभर घालावयाची. पहिल्यास घाम फार लागतो, दुसरीस लीद व मूत्र यांचे डाग पडतात. ‘गाशा गुंडाळणे’ हा शब्दप्रयोग ज्यावरून आला तो गाशाही खोगिरावर घालावयाच्या वस्त्राचेच नाव. घाईने मुक्काम हलवणाऱ्याने ओलाच गाशा गुंडाळावा हे समजण्यासारखे आहे, परंतु ज्याला घाई नाही तोही तसेच करतो, हे मात्र समजत नाही.

खोगिराखाली बहुधा दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी असते. ही घोंगडी सणगर विणतात आणि विणण्यापूर्वी सुताला चिंचोक्यांची खळ देतात. नव्या घोंगडीचा ताठरपणा व खरखरीतपणा पुष्कळसा या खळीचा असतो. म्हणून नवी घोंगडी तशीच पाठीवर घालू नये. ती साध्या थंड पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी, हाताने दाबून पाणी काढावे आणि हाताला बुळबुळीतपणा लागेनासा होईपर्यंत दोन-तीनदा पाणी बदलावे. खळ राहिली तर घामाने ती पुन्हा सुटते व चिकटते. साठवणीत तिला बुरशीही लवकर धरते.

बाजारात घोंगडी म्हणून विकले जाणारे प्रत्येक वस्त्र लोकरीचेच असते असे नाही. कडेचा एक धागा काढून विस्तवाला लावून पाहावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते व तिची राख बोटाने चुरडली जाते. कृत्रिम धागा वितळतो आणि थंड झाल्यावर कडक मणी बनतो. कृत्रिम धाग्याची झूल पावसापुरती उपयोगी पडते. खोगिराखाली ती घाम शोषत नाही, म्हणून तेथे ती टाळावी.

सर्वांत वाईट वस्त्र म्हणजे खताचे अथवा औषधाचे रिकामे पोते. विणलेल्या प्लॅस्टिकच्या पोत्याखाली पाठ शिजते. पोत्यात राहिलेले खत घामाने विरघळून कातडीची आग करते ते वेगळेच. कीटकनाशकाचे पोते किंवा त्याच्या शेजारी ठेवलेले बारदान तर कितीही धुतले तरी जनावराच्या अंगावर घालू नये.

धुण्याची रीत

रोजची निगा नीट असेल तर धुण्याची पाळी कमी येते, म्हणून तिच्यापासून आरंभ करणे बरे. मुक्कामावर आल्यावर तंग सैल करून थोडा वेळ खोगीर पाठीवरच राहू द्यावे आणि पाठ निवू लागली की उतरवावे. खालचे वस्त्र जमिनीवर टाकू नये. माळावरची कुसळे व सराटे त्यात तेथेच शिरतात. ते घामाची बाजू वर करून खाटेवर किंवा दगडावर पसरावे. वाळल्यावर काठीने झोडावे, ताठ ब्रशाने केस काढावेत आणि संपूर्ण वस्त्रावरून तळहात फिरवावा. जे डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला लागते. हे काम रोज पाच-दहा मिनिटांचे आहे.

घोंगडी व पाठ यांच्यामध्ये जुन्या मऊ धोतराचे किंवा लुगड्याचे दुहेरी अस्तर घालण्याची पद्धत फार उपयुक्त आहे. घाम व केस प्रथम अस्तरात अडकतात. अस्तर दर दोन-तीन दिवसांनी साबणाने धुता येते व एका उन्हात वाळते. अशी दोन अस्तरे असली म्हणजे लोकरीचे वस्त्र कामाच्या हंगामात महिन्यातून एकदा धुतले तरी चालते. अस्तर अंगाबरोबर हलून त्याच्या सुरकुत्या पडू नयेत, म्हणून ते घोंगडीला चार कोपऱ्यांवर सैल टाके घालून अडकवावे. गाठी वरच्या बाजूस घ्याव्यात.

आता लोकरीच्या धुण्याविषयी. लोकरीच्या तंतूवर घराच्या कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, तीव्र साबण आणि चोळणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हे खवले एकमेकांत अडकतात, वस्त्र आटते व घट्ट होते. नमदा मुद्दाम याच रीतीने करतात. घोंगडीचा मात्र नमदा व्हावयास नको असतो. धुण्याचा सोडा लोकरीचा तंतू दुबळा करतो आणि ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे पांढरे करणारे द्रव तो अक्षरशः खाऊन टाकतात. घोंगडी दगडावर आपटू नये, मोगरीने बडवू नये, हे त्यामुळेच.

रिठा हे लोकरीस मानवणारे जुने साधन आहे आणि आजही त्याची शिफारस करता येते. देशावरील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चिकट साका तयार होऊन लोकरीत बसतो व वाळल्यावर खरखर करतो. रिठ्याच्या फेसास जड पाण्याची अडचण येत नाही. एका घोंगडीस दीड-दोनशे ग्रॅम टरफले पुरतात. रिठे फोडून बिया काढाव्यात, टरफले रात्रभर भिजवावीत, सकाळी त्याच पाण्यात एक उकळी देऊन कुस्करावीत व पाणी फडक्याने गाळून घ्यावे. हे पाणी डोळ्यांना झोंबते, तेव्हा मुलांना दूर ठेवावे. रिठा न मिळाल्यास लोकरीच्या कपड्यांसाठी विकला जाणारा सौम्य द्रव साबण वापरावा. कपड्यांच्या तीव्र पावडरी टाळाव्यात.

वाळलेली घोंगडी प्रथम झोडून, ब्रशाने घासून तिच्यातील केस, सराटे व सुटी माती काढावी. हे न करता घोंगडी पाण्यात टाकली की मातीचा चिखल होतो आणि केस धाग्यांत अधिकच गुंततात. नंतर मोठ्या टपात साध्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे बुडवून ठेवावी. घामाचे मीठ पाण्यात विरघळणारे असल्यामुळे निम्मे काम या पहिल्या पाण्यातच होते. ते पाणी किती काळे निघते हे पाहिले म्हणजे घोड्याच्या पाठीने काय सोसले असेल याची कल्पना येते. घोंगडी रात्रभर मात्र भिजत ठेवू नये.

पहिले पाणी टाकून दिल्यावर रिठ्याचे पाणी कोमट पाण्यात मिसळावे. मनगटावर ओतले असता गरम लागू नये इतपतच ते कोमट असावे. त्यात घोंगडी हाताने दाबावी व सोडावी, उलटावी, पुन्हा दाबावी. टप मोठा असेल तर स्वच्छ पायांनी हलकेच तुडवली तरी चालते. जेथे खपली जमली असेल ती जागा बोटांनी चुरून मोकळी करावी. तेथे दोन घासांत भागत नाही, पण जोर लावण्यापेक्षा वेळ द्यावा. पंधरा मिनिटांनंतर घोंगडी दुसऱ्या पाण्यात घालावी. खळबळण्याचे पाणी धुण्याच्या पाण्याइतकेच कोमट असावे. एकदम गरमातून थंडात गेलेली लोकर आटण्याचा संभव असतो. निदान तीन वेळा पाणी बदलावे. शेवटचे पाणी स्वच्छ निघाले पाहिजे आणि बोटांना निसरडेपणा लागता कामा नये. साबणाचा अंश लोकरीत राहिला तर पहिल्याच घामाबरोबर तो सुटतो आणि घोडा पाठ खाजवण्यास झाड शोधू लागतो. पुष्कळ लोक हे नव्या वस्त्राच्या उबेवर ढकलतात.

घोंगडी पिळू नये. भिजलेली लोकर दुबळी झालेली असते. दोघांनी दोन टोके धरून पीळ दिला की ती वेडीवाकडी ताणली जाते व पुढे खोगिराखाली तिच्या सुरकुत्या पडतात. ती गुंडाळी करून उतरत्या दगडावर ठेवावी, वर दुसरा स्वच्छ दगड ठेवून पाणी निथळू द्यावे. नंतर बाजेवर आडवी पसरून कडा हाताने सरळ कराव्यात. दोरीवर टांगल्यास पाण्याच्या वजनाने ती लांबते. आरंभी वाऱ्याची सावली आणि अखेरीस तास-दोन तासांचे ऊन, असा क्रम ठेवावा.

घोंगडी वाळली की नाही हे ठरवताना फसगत होते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. म्हणून ती गालाला लावून पाहावी. गार लागली तर ओलावा आहे. हिवाळ्यात पूर्ण दोन दिवस धरूनच चालावे आणि तेवढ्यासाठी दुसरे वस्त्र हाताशी असावे. एकच घोंगडी असलेला मनुष्य ती ओली घालतो, आणि ओल्या घोंगडीपेक्षा मळलेली बरी असे म्हणण्याची वेळ येते.

माण, सांगोला यांसारख्या तालुक्यांत पाण्याचा प्रश्न येणारच. नीट झोडलेल्या घोंगडीस पाच-सहा बादल्यांत धुता येते. अखेरचे स्वच्छ पाणी दुसऱ्या वस्त्राच्या पहिल्या बुडवणीस वापरावे. धुण्याचे काम गुरांच्या हौदात, पाणवठ्यावर किंवा डोहात करू नये. रिठ्यातील फेस आणणारे द्रव्य माशांना विषारी असते; शिवाय रोगट वस्त्राचे पाणी पुढच्या जनावराच्या तोंडी जाते. हे पाणी झाडाच्या आळ्यापासून दूर, उघड्या जमिनीवर टाकावे.

घरात कपडे धुण्याचे यंत्र असेल तर त्यात घोड्याचे वस्त्र घालण्याचा मोह टाळावा. केसांनी यंत्राची नळी तुंबते आणि भिजलेल्या घोंगडीचे वजन त्यास पेलत नाही, ही कारणे आहेतच. पण घोड्याच्या कातडीचे रोग घरच्या कपड्यांत मिसळू नयेत हे कारण त्याहून मोठे आहे. सुती अस्तर, सुती झूल व गोणपाट यांस मात्र गरम पाणी, सोडा, साबण सारे चालते. सुती वस्त्र उकळता येते हा त्याचा मोठाच फायदा. पावसाळी झुलीवरचा चिखल वाळू द्यावा, ब्रशाने झाडावा, मग थंड पाणी व मऊ फडके एवढेच वापरावे. तीव्र साबणाने तिच्यावरील पाणी रोखणारा लेप जातो.

खोगिराच्या आतील भरणाकडे वर्षातून एकदा तरी पाहावे. हलकासलका माल कोंबून काम भागवणे यास आपण खोगीरभरती म्हणतो, आणि खोगिराच्या बाबतीत ती खरोखरच नडते. गोळे झालेला भरण उसवून, पिंजून, उन्हात वाळवून पुन्हा सारखा भरावा. खालची घोंगडी कितीही स्वच्छ असली तरी वरून गोळे रुतत असतील तर पाठ लागणारच.

एकाचे वस्त्र दुसऱ्यास नको

मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा व माळेगावचा खंडोबा येथे शेकडो घोडी एकत्र येतात. थंडीचे दिवस असतात. कोणी शेजाऱ्याची झूल रात्रीपुरती मागून घेतो, विकणारा घोड्याबरोबर वस्त्रही देतो, घेणारा खुशीने घेतो. रोगाला याहून सोपी वाट नसते.

नायटा हा बुरशीचा रोग आहे. घोड्याच्या अंगावर प्रथम केस उभे राहिल्यासारखे दिसतात, पुढे रुपयाएवढे गोल चट्टे पडून केस गळतात. या बुरशीचे सूक्ष्म बीज कापडात, ब्रशात व खोगिरात कित्येक महिने जिवंत राहते, आणि ते माणसालाही लागते. मेंढपाळाच्या बिऱ्हाडात दिवसा घोड्याच्या पाठीवर असलेली घोंगडी रात्री मुलांच्या अंगाखाली येते. पाठ राखावयाची घोंगडी व अंथरावयाची घोंगडी वेगळी असावी, हा आग्रह गावपातळीवरील कार्यकर्त्याने धरला पाहिजे. प्रत्येक घोड्याच्या वस्त्राच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा दोरा घातला म्हणजे अदलाबदल होत नाही. खराऱ्याचे व ब्रशाचेही तसेच करावे.

नायटा झालेल्या घोड्याचे सुती वस्त्र उकळावे. लोकरीचे वस्त्र वरील रीतीने लागोपाठ दोनदा धुवावे व पुष्कळ ऊन द्यावे. फार जुने, फाटलेले असेल तर जाळून टाकणे स्वस्त पडते.

उवा, गोचीड किंवा खरूज दिसली की काही जण मेंढरांच्या औषधातच घोंगडी बुडवतात. येथे एक धोका ठळकपणे सांगितला पाहिजे. मेंढ्या व गुरे यांच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ हे औषध घोड्यास चालत नाही. त्याने आतड्यांची हालचाल मंदावते, पोट कोंडते व जनावर दगावू शकते. मेंढ्यांचे औषध ज्या घरात हमखास असते त्याच घरात घोडाही असतो, म्हणून ही चूक घडण्यास वेळ लागत नाही. घोड्यासाठी औषध पशुवैद्यकाकडूनच घ्यावे आणि ते वस्त्रास लावावयाचे की अंगास, हेही त्यालाच विचारावे.

ग्लँडर्सची गोष्ट सर्वस्वी निराळी. घोडा, खेचर व गाढव यांना होणारा हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही. महाराष्ट्रात २००६ साली त्याने पुन्हा डोके वर काढले होते. नाकातून घट्ट चिकट स्राव, नाकपुडीत गाठी व व्रण, पायांवर किंवा अंगावर ओळीने गाठी येऊन त्या फुटणे, ही लक्षणे दिसताच घोडा वेगळा बांधावा व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. असे कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना तपासणीस हिसार येथील राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे जातो. अशा घोड्याची झूल, घोंगडी, तोबरा काहीही धुण्याच्या भानगडीत पडू नये. हात न लावता ते तेथेच ठेवावे आणि अधिकारी सांगतील तसे नष्ट करावे. नवी घोंगडी विकत घेता येते.

झूल मुळात केव्हा घालावी याविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. पोटभर वैरण मिळणाऱ्या निरोगी घोड्यास देशावरची थंडी सहज सोसते. त्याचे हिवाळी केस त्याचसाठी वाढलेले असतात. म्हातारे, आजारी, भादरलेले किंवा घामाने निथळत वाऱ्यात उभे राहिलेले जनावर यांनाच झुलीची खरी गरज. कौतुकापायी दिवसभर झूल पांघरून ठेवलेला घोडा आतून घामेजतो, आणि मग धुण्याचे काम वाढते ते वाढतेच.

पावसाळ्यातील साठवण

लोकरीस लागणारी कसर स्वच्छ लोकरीपेक्षा घामट, मळकट लोकर अधिक पसंत करते. म्हणून हंगाम संपल्यावर घोंगडी धुऊनच ठेवावी. ‘आता दसऱ्याला काढू तेव्हा धुऊ’ म्हणणाऱ्यास दसऱ्याला चाळण मिळते. कडक वाळवून, झाडून, स्वच्छ सुती पिशवीत किंवा जुन्या धोतरात बांधून ती आढ्याला टांगावी. जमिनीवर, भिंतीला टेकवून अथवा दाण्याच्या पोत्यांवर ठेवू नये. ओल आणि उंदीर दोन्ही तेथे असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडल्यास उरलासुरला ओलावा बुरशी धरवतो.

कडुनिंबाचा पाला घालण्याची चाल चांगली, परंतु तो पूर्ण वाळलेला असावा. त्याने कसर काहीशी दूर राहते. आत शिरलेल्या अळ्या त्याने मरत नाहीत. त्यांवर उपाय म्हणजे तीन-चार आठवड्यांनी पावसाची उघडीप मिळताच घोंगडी बाहेर काढून उन्हात झोडणे. डांबराच्या गोळ्या ठेवावयाच्या असल्यास कापडाच्या पुरचुंडीत ठेवाव्यात, मुलांच्या हाती लागू देऊ नयेत आणि वापरण्यापूर्वी घोंगडीस दोन दिवस वारा द्यावा.

फाटलेली जागा साठवणीपूर्वीच रफू करावी. ठिगळ पाठीच्या बाजूने लावू नये. लोकरीच्याच दोऱ्याने, गाठ न मारता, सपाट विणून घ्यावे आणि वरून तळहात फिरवून पाहावा.

दिवाळीनंतर बिऱ्हाड हलवण्याच्या आठ दिवस आधी घोंगड्या काढून उन्हात टाकाव्यात, दोन्ही बाजू तपासाव्यात. पाठीवर घालताना ती प्रथम खांद्याच्या उंचवट्यापुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे ओढावी, म्हणजे केस उलटे दबत नाहीत. कण्यावर ती ताणलेली राहू नये; मध्यभागी थोडी वर उचलून खोगिराच्या पोकळीत घ्यावी आणि मगच तंग आवळावा. पहिला कोस चालून झाल्यावर थांबावे, खोगिराखाली हात घालून घोंगडी मागे सरकली आहे काय हे पाहावे व तंग पुन्हा एकदा ओढून घ्यावा.